मंगळवारचा नमुना

१

सोळा वर्षांच्या मुलीच्या लघवीत तंबाखूचा अंश सापडला, आणि तो सापडल्याचं सगळ्यांना इतकं बरं वाटलं की तो तिथे आला कसा, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

बरं वाटलं म्हणजे तोंडावर दिसलं असं नव्हे. शनिवार पेठेतल्या त्या विश्वस्त रुग्णालयात आनंदसुद्धा शिस्तीत होतो. समिती बसली, चष्मे पुसले गेले, ‘दुर्दैवी’ हा शब्द आळीपाळीने सगळ्यांनी वापरून घेतला, आणि मुक्ताई वैजनाथ ढगे, राहणार धायरी, हिचं वजन कमी करायचं ऑपरेशन रद्द झालं. उमेदवार धूम्रपान करते, सबब अपात्र. सिगारेट ओढणाऱ्याच्या पोटातले टाके नीट भरून येत नाहीत, हे खरं आहे. तेवढ्यापुरतं समितीचं काही चुकलं नव्हतं.

पद्मजा पेंडसे यांना ही हकिकत कळली ती दुधाच्या पिशव्यांबरोबर. पद्मजाबाईंनी उभी हयात एका विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे उघडे पाडण्यात घालवली होती, आणि निवृत्त झाल्यावर पेठेतली जागा विकून त्या धायरीच्या सोसायटीत राहायला आल्या होत्या. माणूस खोटं बोलतो यावर त्यांची जितकी श्रद्धा होती तितकी देवावरही नव्हती. वैजनाथ दिवसा कारखान्यात काम करायचा आणि पहाटे त्यांच्या सोसायटीत कात्रजच्या दुधाच्या पिशव्या टाकायचा.

“काकू, तुम्ही इन्शुरन्समधी चोर धरायच्या ना?” तो दारातच उभा राहून म्हणाला. “मग माझं एवढं काम करा. माझं लेकरू सिगारेट ओढतंय का, एवढंच बघून सांगा.”

“ते लेकराला विचारा.”

“ती नाही म्हणती. पण कागदावर तर छापून आलंय.”

“लग्नपत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ असंही छापलेलं असतं, वैजनाथ. कागदाचं काय घेऊन बसलात!”

पण वैजनाथचा चेहरा बघून त्या पुढे बोलल्या नाहीत. मुक्ताई आडवी झाली की तिचा श्वास अडकायचा, म्हणून ती वर्षभर भिंतीला टेकून बसून झोपत होती. साखर वाढलेली, गुडघे गेलेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता पथ्याने होण्यासारखं नाही, जठर लहान करावं लागेल, आणि ते लवकर करावं लागेल. असलं ऑपरेशन वैजनाथने बाहेर करायचं म्हटलं असतं तर त्याला स्वतःला विकूनही जमलं नसतं. विम्याचं तर नावच नको. अठराच्या आतल्या मुलांसाठी त्या दाराला कडी असते, आणि ती कडी पद्मजाबाईंनी आतून पाहिली होती. हिंजवडीच्या एका आयटी कंपनीने देणगी दिली होती म्हणून वर्षाला एका मुलाचं ऑपरेशन त्या रुग्णालयात फुकट व्हायचं. कंपनीचं वर्ष मार्चअखेर संपणार होतं, आणि मार्च सुरू झाला होता.

“आता तिच्या जागी कोणाचं होणार?” पद्मजाबाईंनी विचारलं.

“तिच्या खालोखाल एक पोरगा होता. रावसाहेब म्हणून तिथले ट्रस्टी हायेत, त्यांचा नातू.”

पद्मजाबाईंनी दार पूर्ण उघडलं. “आत या,” त्या म्हणाल्या. “आणि पिशव्या ठेवा बाजूला. आज सोसायटीने कोरा चहा प्यायला तर काही बिघडत नाही.”

२

पद्मजाबाईंनी सुरुवात केली ती मुलीवर संशय घेऊन. रडणाऱ्याच्या बाजूने आधी बघायचं नाही, हा त्यांचा जुना शिरस्ता होता.

वैजनाथचं घर दोन खोल्यांचं. त्याची बायको नम्रता भाकरी थापत होती, आणि मुक्ताई खुर्चीत बसून अकरावीचं पुस्तक वाचत होती. बाईंनी पाणीही न घेता नम्रताला विचारलं, “घरात मिश्री कोण लावतं?”

भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड दाताला लावायची सवय गावाकडच्या कितीतरी बायकांना असते. पोरीने आईच्या डबीतली चिमूट घेतली असेल, तर प्रश्न तिथेच मिटत होता.

“सासूबाई लावायच्या. त्या परभणीला असत्यात,” नम्रता म्हणाली. “माझ्या घरात ती डबीच नाही. शोधा पाहिजे तर.”

बाईंनी खरोखर शोधलं. फडताळ, मोरी, देवघराची मागची बाजू. लाज वाटून काम होत नसतं. डबी मिळाली नाही.

“काकू, मला जिना चढताना धाप लागते,” मुक्ताई पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. “सिगारेट ओढायला आधी श्वास तर लागेल ना.”

पद्मजाबाईंना पोरगी आवडली. या मुलीला डॉक्टरांपासून बसमधल्या बायकांपर्यंत प्रत्येकाने एकच ज्ञान दिलं होतं, कमी खा. जसं काही हे तिच्या कानावर कधी पडलंच नव्हतं! हत्ती, टँकर, म्हशी, असल्या हाका मारणारं हे सुसंस्कृत शहर आता तिला व्यसनीही म्हणत होतं.

“लघवी तपासायला दिली तो दिवस सांग मला,” बाई म्हणाल्या.

“मंगळवार होता. मी आणि रावसाहेबांचा तो अवधूत, दोघंच होतो. ऐन वेळी एकाचं रद्द झालं तर दुसरा तयार पाहिजे, म्हणून दोघांच्या टेस्ट एकदमच केल्या. बाटलीत नमुना दिला, बाटली बाथरूमबाहेरच्या फळीवर ठेवली. मग खाली गणपतीची आरती होती, सगळे तिकडे गेले.”

“तूही?”

“मी बाहेर खांबापाशी उभी राहिले.”

“का?”

मुक्ताईने आईकडे बघितलं. “असंच.”

“तिथे कुणी काही खायला दिलं?”

“पेढा देत होते. मी नाही घेतला.”

“तुझ्याशी तिथे वाईट कोण वागतं?”

“वाईट कुणीच नाही. सगळे लांबून बोलतात. पूर्णिमा मॅडम चांगल्या आहेत, समुपदेशक. त्यांनी त्या दिवशी मला मदतपण केली.”

“कसली?”

“अशीच,” मुक्ताई म्हणाली, आणि पुन्हा पुस्तकात शिरली.

पद्मजाबाई निघाल्या. मुलगी खरं बोलत होती याची त्यांना खात्री पटली होती. म्हणजे मुलीच्या बाटलीत दुसऱ्याचं पाप आलं होतं.

३

“पुन्हा तपासून उपयोग नाही,” डॉक्टर शरच्चंद्र बोकील म्हणाले. ऑपरेशन ते करणार होते. “निकोटीनचा अंश आठवड्याभरात शरीरातून धुऊन जातो. आज रिपोर्ट स्वच्छ आला तरी ती त्या दिवशी ओढत नव्हती, हे सिद्ध होत नाही.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटण्याचा प्रश्न नाही. मी पोट उघडतो. कुणाचं उघडायचं ते समिती ठरवते.”

“फारच सोयीची वाटणी आहे.”

डॉक्टर रागावले नाहीत. खरं बोललेलं रागावण्याइतकं त्यांना लागत नसावं.

तळमजल्यावर प्रयोगशाळेत बापूराव होते. बापूराव नमुने गोळा करत, आणि त्यांच्या मते रुग्णालय तेच चालवत.

“बाटलीवर नाव कोण लिहितं?” बाईंनी विचारलं.

“लिहीत नाही. छापील चिठ्ठी चिकटवतो. पण बाटली भरून आल्यावर. आधी चिकटवली तर भिजते. बायकांच्या बाथरूमबाहेर एक फळी, पुरुषांच्या बाहेर एक फळी. मी जातो आणि ज्याची त्याला लावतो.”

“त्या मंगळवारी लावलीत?”

बापूरावांनी टेबलावरचा कापूस उगाच सरळ केला. “त्या दिवशी आरती होती ना! मंगळवारच्या आरतीला रावसाहेब स्वतः येतात. कोण आलं नाही ते बघून ठेवतात. मी घंटा वाजवतो. चिठ्ठ्या वर फळीवरच राहिल्या. परत आलो तर चिठ्ठ्या लागलेल्या होत्या.”

“कुणी लावल्या?”

“लावल्या असतील कुणीतरी. काम आयतं झालेलं दिसल्यावर कोण विचारतो, बाई?”

आख्ख्या महाराष्ट्राचा कारभार या तत्त्वावर चालतो, हे पद्मजाबाईंना ठाऊक होतं. त्यांनी बापूरावांना नमस्कार केला आणि त्या समुपदेशकांच्या खोलीकडे वळल्या.

पूर्णिमा तिशीची, हसरी, आवाज मधाळ. मुलांची मनाची तयारी करून घ्यायची, त्यांच्या सवयी काढून घ्यायच्या, ऑपरेशननंतरचं पथ्य समजवायचं, हे तिचं काम. खोलीत मऊ खुर्च्या होत्या आणि भिंतीवर गोंडस प्राण्यांची चित्रं. त्यात हत्ती नव्हता, एवढी अक्कल कुणीतरी दाखवली होती.

“मला तर इतकं वाईट वाटलं ना मुक्ताईसाठी,” पूर्णिमा म्हणाली. “खूप गोड मुलगी. पण अशा बॅकग्राउंडमध्ये कम्प्लायन्सचा इश्यू असतोच. म्हणजे घरी ॲटमॉस्फिअर नसतं.”

“हवा असते ना घरी? की तीही नसते?”

पूर्णिमा हसली. “तसं नाही. विल-पॉवर होती तिला. त्या मंगळवारी प्रसादाचा पेढासुद्धा नाही घेतला तिने. डाएटवर होती म्हणून. मी म्हटलं, बघा किती गुणी.”

“आपण आरतीला होतात?”

“हो तर. मागे उभी होते.”

“आणि अवधूत कसा आहे?”

“फार समजूतदार. फॅमिली एकदम सपोर्टिव्ह. त्याचा रिपोर्टही क्लीन आला.”

बाई उठल्या. जिन्यात त्यांच्या मनात एक गोष्ट खुपायला लागली. पेढ्याबद्दल त्यांनी पूर्णिमाला विचारलंच नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माणूस देतो, तेव्हा तो काहीतरी झाकत असतो.

४

रावसाहेब शनिवार पेठेतच राहत. जुनं घर पाडून त्यांनी लिफ्टवाली इमारत बांधली होती आणि लिफ्टमध्ये ‘पाहुण्यांनी जिना वापरावा’ अशी पाटी लावली होती. पद्मजाबाई लिफ्टने गेल्या.

रावसाहेबांनी आदराने बसवलं. त्यांचा मुलगा अमेरिकेत कंपनीच्या कामावर होता. सून स्पृहा आणि नातू अवधूत इथे.

“आपण त्या मुलीसाठी आलात हे कळलं,” रावसाहेब म्हणाले. “आपली कळकळ समजते, पद्मजाबाई. पण काही गोष्टी संस्कारांवर असतात.”

“तुमच्या नातवाचं वजन कशावर आहे?”

रावसाहेबांनी घसा साफ केला. “ते जनुकीय आहे.”

अस्सं! धायरीच्या मुलीचं वजन म्हणजे खादाडपणा, आणि पेठेतल्या मुलाचं वजन म्हणजे जनुकं! पद्मजाबाईंनी लाडवाचा तुकडा तोंडात टाकला, म्हणजे तोंडातून दुसरं काही निघायला नको.

स्पृहा मात्र भरभरून बोलायला बसली. “तुम्हाला म्हणून सांगते काकू, ती मुलगी मला पहिल्यापासून विचित्र वाटली. आरतीला आत आली नाही. माझ्या हातचा प्रसाद घेतला नाही, वर ताटाला हातसुद्धा लागू दिला नाही, मागे सरली. एवढा कसला माज? आमच्या अवधूतने बघा, भक्तिभावाने दोन पेढे घेतले.”

“पथ्यावर असून?”

“प्रसाद होता तो!”

“बरोबर. देवाच्या पेढ्यात साखर नसते.”

स्पृहाला टोमणा कळला नाही, कारण तिचे डोळे भरून आले होते. “आम्ही काय दिवस काढले ते आमचं आम्हाला माहीत. त्याच मंगळवारच्या रिपोर्टात अवधूतच्या लघवीत रक्त आलं. मी तर खचलेच. किडनी गेली म्हटलं. मामंजींनी ब्राह्मण बसवले जपाला. सोनोग्राफी केली, परत लघवी तपासली, तर काहीच नाही. सगळं स्वच्छ! जपाचाच प्रताप.”

पद्मजाबाईंच्या तोंडातला लाडू तिथेच राहिला.

“तेव्हा धीर कुणी दिला?” त्यांनी हळूच विचारलं.

“पूर्णिमा मॅडमनी. त्यांचा तर इतका विश्वास! पहिल्या क्षणापासून म्हणत होत्या, काही निघणार नाही, सोनोग्राफीच्या मागे लागू नका, उगाच मुलाला त्रास. देवमाणूस आहे हो.”

बाई गॅलरीत गेल्या आणि नम्रताला फोन लावला. “एकच विचारते, लाजू नका. मंगळवारी मुक्ताईची पाळी चालू होती?”

“व्हय,” नम्रता म्हणाली. “दवाखान्यातच सुरू झाली म्हणं. म्हणून देवापाशी गेली नाही ती. तुम्हाला कोण सांगितलं?”

“तुमच्याकडचं कुणी नाही. आता तिला विचारून मला सांगा, तिथे तिला पॅड कुणी दिलं?”

५

उत्तर ऐकून बाई आत आल्या आणि त्यांनी अवधूतला भेटायची इच्छा सांगितली. अवधूत आपल्या खोलीत संगणकासमोर बसला होता. सतरा वर्षांचा, मोठा देह, डोळे घाबरट. खोलीत उदबत्तीचा इतका वास होता की देवघरातही नसेल.

बाईंनी दार लोटलं. “कुठली ओढतोस?”

“काय?”

“सिगारेट. कुठली ओढतोस, ते विचारते. ओढतोस का, हे नाही विचारलं.”

अवधूतचा चेहरा पांढरा पडला. त्याने दाराकडे बघितलं. “आजोबांना सांगू नका, प्लीज. कॉलेजच्या टपरीवर फक्त. ग्रुपमध्ये सगळे ओढतात. तेवढा वेळ कुणी मला जाड्या म्हणत नाही.”

हे ऐकून पद्मजाबाईंचा आवाज आपोआप खाली आला. या घरातही एक मूल भिंतीला टेकून बसलं होतं म्हणायचं.

“मग तुझा रिपोर्ट चांगला कसा आला?”

“मलाच कळलं नाही. मी आधी च्युइंग गम खाल्लं होतं, त्याने गेलं असेल.”

“विज्ञान शाखेला आहेस ना?”

“हो.”

“वाटलंच. हे ओढण्याचं आणखी कुणाला माहीत होतं?”

“फक्त पूर्णिमा मॅडमना. सुरुवातीला सवयी विचारतात ना, तेव्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, हे आपल्या दोघांतच राहील.”

“राहिलं खरं,” बाई म्हणाल्या. “मुक्ताईचं नाव गेलं तेव्हा तुला काही वाटलं नाही?”

अवधूतने मान खाली घातली. “वाटलं. पण मला वाटलं, तीपण ओढत असेल.”

“उद्या समितीसमोर हे बोलशील?”

“आजोबा मारतील,” तो म्हणाला.

“तुझ्या आजोबांना उद्या तेवढी उसंत मिळणार नाही,” पद्मजाबाई म्हणाल्या.

६

दुसऱ्या दिवशी समिती पुन्हा बसली. डॉक्टर बोकील, रावसाहेब, आणखी दोन विश्वस्त, पूर्णिमा. पद्मजाबाईंच्या हट्टाने बापूराव, स्पृहा आणि अवधूत यांनाही बोलावलं होतं. मुक्ताई आईवडिलांबरोबर दाराजवळच्या बाकावर होती. त्या तिघांना आत खुर्च्या द्याव्यात असं कुणाला वाटलं नव्हतं.

“त्या मंगळवारी मुक्ताईची पाळी चालू होती,” पद्मजाबाईंनी सुरुवात केली.

‘पाळी’ म्हटल्याबरोबर खोलीतले सुशिक्षित पुरुष एकसाथ पंख्याकडे बघायला लागले.

“पंखा चालू आहे, मी बघितलाय. आता इकडे बघा. पाळी होती म्हणून ती आरतीला आत आली नाही, प्रसाद घेतला नाही, ताटाला हात लागू दिला नाही. स्पृहाबाई, तो माज नव्हता. तुमचं सोवळं तुमच्यापेक्षा तिने जास्त सांभाळलं. आता डॉक्टर, मला सांगा, पाळीतल्या मुलीने दिलेल्या नमुन्यात काय दिसतं?”

“रक्तपेशी दिसतात,” डॉक्टर सावकाश म्हणाले. मग ते एकदम ताठ बसले.

“मुक्ताईच्या रिपोर्टात दिसल्या?”

“नाही.”

“कुणाच्या दिसल्या?”

स्पृहाने तोंडावर हात धरला.

“रावसाहेब, तुमच्या नातवाच्या मूत्रपिंडाला काही झालं नव्हतं. त्याचा आजार एका मंगळवारपुरता होता. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या उलट्या लागल्या. मुक्ताईचा नमुना अवधूतच्या नावावर गेला आणि अवधूतचा मुक्ताईच्या नावावर. मुलींची ऑपरेशनआधी गर्भचाचणी होते. तेव्हा अवधूतची गर्भचाचणी निगेटिव्ह आली आहे. या रुग्णालयाचं मी त्याबद्दल अभिनंदन करते.”

“मग ती तंबाखू?” एका विश्वस्तांनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांचं लक्ष अवधूतकडे गेलं.

अवधूत उभा राहिला. “माझी होती,” तो म्हणाला. “मी ओढायचो.” एवढं बोलून तो बसला. त्या दिवशी त्या खोलीत धाडसाची गोष्ट तेवढी एकच झाली.

रावसाहेबांच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. “ही बापूरावांची चूक आहे!” ते गरजले. “हलगर्जीपणा! कामावरून काढा त्यांना!”

“मीही आधी तसंच धरलं होतं,” पद्मजाबाई म्हणाल्या. “चिठ्ठ्या चुकून उलट्या लागू शकतात. पण चुकणारा माणूस नंतर गप्प कशाला बसेल? अवधूतच्या लघवीत रक्त आलं म्हणून स्पृहाबाई धाय मोकलून रडत होत्या. त्याच दिवशी त्याच वेळी एका मुलीने पाळीत नमुना दिला, हे ज्याला माहीत होतं, त्याला हा उलगडा तिथल्या तिथे व्हायला हवा होता. बापूरावांना ते माहीत नव्हतं. डॉक्टरांना नव्हतं. मुलीने ते फक्त एका माणसाला सांगितलं, कारण तिला पॅड हवं होतं. त्या माणसाने पॅड दिलं, दुपारनंतर अवधूतचा रिपोर्ट बघितला, आणि स्पृहाबाईंना सांगितलं, काळजी करू नका, काही निघणार नाही. तपासायच्या आधीच! आपण सगळे त्याला माया समजलो. ती माया नव्हती, माहिती होती. तोच माणूस मला न विचारता सांगतो की मुक्ताईने पेढा घेतला नाही तो डाएटमुळे. आणि अवधूत ओढतो हे रुग्णालयात त्याच एका माणसाला ठाऊक होतं. कुठली बाटली वाईट निघणार हे आधी कळल्याशिवाय चिठ्ठ्या मुद्दाम उलट्या लावता येत नाहीत. पूर्णिमाबाई, आरतीला मागे उभं राहण्याची एक सोय असते. मागून कोण निघून गेलं ते पुढच्यांना दिसत नाही.”

पूर्णिमाचं हसू अजून तोंडावर होतं, पण आता ते तिथे विसरल्यासारखं दिसत होतं.

“तुम्हाला यातलं काही कळत नाही,” ती म्हणाली. मधाचा थेंबही आवाजात उरला नव्हता. “या ऑपरेशननंतर जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. जन्मभर तपासण्या. ही लोकं सहा महिने येतात आणि मग गायब होतात. एक सीट आहे वर्षाला. एक! ती वाया गेली की देणगीदार विचारतात, आमच्या पेशंटचं काय झालं? अवधूतची सिगारेट मी सोडवली असती. तिचं घर कोण बदलणार होतं? मी स्वतःसाठी काही केलं नाही. मी प्रोग्रॅम वाचवला.”

“ती येणार नाही, हे तुम्हाला कशावरून कळलं?”

“अनुभवावरून.”

“किती मुलींचा अनुभव? अशा घरातल्या किती मुलींना आजवर तुम्ही आत घेतलंत?”

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. एकही नव्हती, मुक्ताई पहिलीच. जिला दारातच अडवली ती पुढे आली नसती, असं म्हणायला अनुभव लागत नाही, फक्त गुर्मी लागते. पद्मजाबाईंनी आयुष्यात खोटारडे पुष्कळ पाहिले होते. लोभापायी खोटं बोलणारे त्यांना परवडत. दुसऱ्याच्या भल्याचा हिशेब आपणच करून टाकणाऱ्या या शहाण्यांची मात्र त्यांना शिसारी होती.

“तरीपण,” पंख्याकडे बघणारे दुसरे विश्वस्त म्हणाले, “मुलीने तिच्या त्या अडचणीबद्दल आधी सांगायला हवं होतं.”

“कुणाला? घंटा वाजवणाऱ्या बापूरावांना, की तुम्हाला? तुम्ही अजून ‘अडचण’च म्हणताय.”

पूर्णिमाला रजेवर पाठवायचं ठरलं. रजा हा त्या संस्थेचा सगळ्यात कडक शब्द होता. डॉक्टर बोकील प्रथमच कुणाकडे न बघता बोलले. “मुक्ताईचं ऑपरेशन महिना संपायच्या आत होईल. मी करणार आहे. समितीला हरकत असेल तर तिने पेपरात द्यावी.”

रावसाहेबांनी स्वतःला सावरलं. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून ते मोठेपणाने म्हणाले, “ठीक आहे. अवधूतचं आपण मुंबईला खासगीत करून घेऊ. त्यात विशेष काही नाही.”

“म्हणजे ते तुम्हाला आधीपासून जमत होतं,” पद्मजाबाई म्हणाल्या.

रावसाहेबांनी फक्त घड्याळात बघितलं.

७

बाहेर व्हरांड्यात वैजनाथने डॉक्टरांचे पाय धरले. मग तो बापूरावांच्याही पाया पडायला निघाला, तेव्हा पद्मजाबाईंनी त्याला दंडाला धरून थांबवलं.

“ज्यांनी घोळ घातला त्यांना नमस्कार कसले करताय? उभे राहा सरळ.”

“काकू, तुमचे उपकार कसे फेडू?” वैजनाथचे डोळे वाहत होते. “माझ्या पोरीचं नाव राखलं तुम्ही.”

“नाव तिचं तिनेच राखलं होतं. मी फक्त दाखवून दिलं.”

बाई खुशीत होत्या. एवढी स्वच्छ केस कितीतरी वर्षांनी हाताला लागली होती, आणि रावसाहेबांचा चेहरा त्या पुढे महिनाभर आठवून चहाबरोबर चघळणार होत्या. मुक्ताई नम्रताचा हात धरून सावकाश बाहेर आली. वैजनाथ पुढे झाला.

“ऐकलं ना, ऑपरेशन व्हणार आता,” तो म्हणाला. “मी कारखान्यात सुट्टी टाकतो. त्या दिवशी सकाळपासून तुझ्यापाशीच थांबतो.”

“तुम्ही नका येऊ,” मुक्ताई म्हणाली. “मम्मी येईल.”

“कामून गं?”

“रिपोर्ट आला त्या दिवशी तुम्ही मला काही विचारलंच नाही. वाचला, आणि पट्टा काढला.”

पद्मजाबाईंनी चमकून वैजनाथकडे पाहिलं. हे त्याने त्यांना सांगितलं नव्हतं, आणि सगळ्या जगाला प्रश्न विचारत फिरलेल्या बाईंना हा एक प्रश्न सुचला नव्हता. नम्रता जमिनीकडे बघत होती.

“दवाखान्याचा कागद होता, बाळा,” वैजनाथ कसाबसा म्हणाला. “शिकलेल्या लोकांनी लिहिलेला. चूक दवाखान्याची होती.”

“दवाखान्याने मला मारलं नाही,” मुक्ताई म्हणाली.

तिने आईला विचारलं, धायरीची बस इथून मिळते की पुलापर्यंत चालावं लागेल. पुलापर्यंत जावं लागेल, असं नम्रता म्हणाली. दोघी मायलेकी हळूहळू पुलाकडे चालू लागल्या, आणि वैजनाथ स्कूटरची किल्ली हातात धरून तिथेच उभा राहिला.